साठ मेंढ्यांसाठी एक माइक

मोबाइलमधून दिलेली हाक मेंढीला ऐकू येते, पण ती तिला जुमानत नाही. हे मी अनुभवावरून लिहितो आहे. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी पुंडलिकनगरातल्या माझ्या घरात मी ध्वनिमुद्रणाची खोली उभी केली, ती या एका कारणासाठी.

हाक कोणाची आणि मेंढ्या कोणाच्या, हे आधी सांगणे आवश्यक आहे. बिडकीनला माझा एक मित्र राहतो. तो पिढीजात मेंढपाळ आहे आणि आजही त्याच्याकडे साठ मेंढ्या आहेत. मी वैधमापन निरीक्षक होतो. दुकानदारांचे तराजू व वजने तपासणे आणि खोटी आढळल्यास जप्त करणे, हे माझे काम. बिडकीनच्या बाजारात लोकरीच्या एका व्यापाऱ्याचा काटा मी जप्त केला, तेव्हा पंच म्हणून सही करायला गर्दीतून एकच तरुण पुढे आला. सही झाल्यावर त्याने माझ्याजवळचे प्रमाणित वजन हातात घेतले आणि विचारले, "आन् हे खरं कशावरून?" या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अद्याप देता आलेले नाही. मैत्री मात्र टिकली. आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणतो. तो मला 'सायब'ही म्हणतो. त्यात आदर शोधू नये.

गेल्या वर्षी त्याचा आवाज बसू लागला. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिले. स्वरतंतूवर गाठ होती. ती काढून तपासणीला पाठवावी लागेल, त्यानंतर तीन आठवडे एक शब्दही उच्चारायचा नाही, आणि नंतर येणारा आवाज पूर्वीचाच असेल याची खात्री देता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मित्राने शस्त्रक्रियेची तारीख तीन वेळा घेतली आणि तीन वेळा मोडली. पहिल्यांदा लोकर कातरायची होती. दुसऱ्यांदा मेंढ्या व्यायला आल्या होत्या. तिसऱ्यांदा त्याने कारण देण्याचीही तसदी घेतली नाही.

तेव्हा त्याची पत्नी एकटी माझ्याकडे आली. चहाचा कप तसाच ठेवून म्हणाली, "भाऊ, गाठ कसली हाय ते कळल्याबिगर मला घास जात नाय. आन् हे म्हणत्यात, मेंढरं कोण वळवील."

"तुम्ही वळवा. मुलगा आहे."

"पोरगा चितेगावच्या कंपनीत. त्याची पाळी आज दिवसाची, उद्या रातची. आन् मी हाक मारली, की मेंढरं माझ्याकडं बघत्यात, जशी माझी सून बघती. ऐकून घेत्यात. करत काय नायत."

अडचण खरी होती. बिडकीनजवळ आता रुंद रस्ता झाला आहे. चराई रस्त्याच्या एका अंगाला आणि मेंढ्या कोंडायचे वाडगे दुसऱ्या अंगाला. ट्रक थांबत नाहीत. हाक बरोबर पडली तरच कळप एका दमात रस्ता ओलांडतो. चुकली तर मध्येच उभा राहतो. ती हाक या कळपाला एकाच माणसाची ठाऊक होती, आणि त्याने आयुष्यात दुसऱ्या कोणाला ती मारू दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बिडकीनला गेलो.

"तुमचा आवाज आधी साठवून ठेवू," मी म्हणालो.

"लोणच्यावानी?"

"होय. तीन आठवडे पुरेल इतका."

"आन् मेंढरांनी खाल्लं नाय तर?"

"मग ऑपरेशनचा विषय मी पुन्हा काढणार नाही. पण त्या यंत्राच्या हाकेवर कळप रस्त्यापलीकडून परत आला, तर चौथी तारीख तुम्ही पाळायची."

तो कबूल झाला. मी ते कागदावर लिहून त्यावर त्याची सही घेतली. माणसाचा स्वभाव तोंडी कबुलीने बदलत नाही. लेखी कबुलीनेही बदलत नाही, पण कागद दाखवता येतो.

पहिला प्रयोग त्याच्या मुलाने मोबाइलवर केला. फळ वर सांगितलेच आहे. मेंढ्यांनी एकदा कान हलवले आणि पुन्हा गवतात तोंड घातले. मुलाचे म्हणणे असे की, मोबाइल साध्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. एवढी मोठी आणि लांबलचक हाक त्याला गोंगाट वाटते, आणि गोंगाट दाबून टाकणे हे त्याचे काम.

"घरात बी सगळ्यांना गोंगाटच वाटतो," मित्राची पत्नी म्हणाली. "मोबाइलचं काय चुकलं?"

म्हणून मित्र आणि मी खरी साधने घ्यायला शहरात, पैठण गेटजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानदार मध्यमवयीन आणि बोलका होता. मी नव्याने शिकणाऱ्याला लागते तेवढेच सामान दाखवायला सांगितले.

"पॉडकास्ट करणार का अंकल?"

"नाही. मेंढ्या."

"मेंढ्यांवर पॉडकास्ट?"

"मेंढ्यांसाठी."

त्याने माझ्या मित्राकडे पाहिले. मित्राने मान डोलावली. दुकानदाराने आणखी काही विचारले नाही. चांगल्या दुकानदाराचे हे लक्षण मी नोंदवून ठेवतो.

घर कुठे आहे आणि हाक केवढी मोठी, हे मी सांगितल्यावर त्याने काउंटरवर दोन माइक ठेवले. एक कंडेन्सर. तो नाजूक, बारीकसारीक सगळे ऐकणारा. दुसरा डायनॅमिक. तो राकट, तोंडाजवळचे तेवढे ऐकणारा आणि मोठा आवाज सोसणारा. "घर रोडवर आहे, मामांचा आवाज मोठा आहे, तर हाच घ्या," असे म्हणून त्याने दुसरा माइक माझ्याकडे सरकवला.

इथे माझी चूक झाली. चौतीस वर्षे दुकानदारांमध्ये काढल्यावर एक सवय हाडात मुरते. दुकानदार जी वस्तू पुढे सरकवतो, तिच्याकडे संशयाने पाहायचे. आणि पोकळ वजन ही माझ्या खात्यातली सर्वांत जुनी लबाडी. मी दोन्ही माइक दोन हातांत तोलले. समाधान होईना, तेव्हा कुरिअरची पार्सले मोजायचा काटा मागवला. काटा आधी शून्यावर आहे का, ते पाहिले. कंडेन्सर माइक जड भरला.

"हा द्या," मी म्हणालो.

"अंकल, माइक किलो पे नहीं लेते."

"जड वस्तू प्रामाणिक असते."

"व्हय," मित्र म्हणाला, "म्हणून तर आमच्या सायबाचं डोकं लई जड हाय."

दुकानदाराने जड माइक एका छोट्या पेटीला जोडला. या पेटीला इंटरफेस म्हणतात. ती माइक आणि संगणक यांच्यामध्ये बसून दुभाष्याचे काम करते. मग त्याने हेडफोन कानांवर चढवला आणि म्हणाला, "मामा, काहीतरी बोला. जसं रेकॉर्डिंगला बोलणार ना, वैसाच."

मित्राने तसेच केले.

ती हाक मी चाळीस वर्षे ऐकत आलो आहे, पण छताखाली कधी ऐकली नव्हती. ओठांच्या थरथरीतून ती सुरू होते, पोटातून वर चढते आणि शेवटी जीभ टाळूवर आपटून तुटते. दुकानदाराने हेडफोन उपटून काढला आणि खुर्चीसह मागच्या फळीवर आदळला. रस्त्यावरचा एक रिक्षावाला रिक्षा बंद करून खाली उतरला. समोरच्या दुकानातल्या दोन बायका हातातले कपडे टाकून बाहेर आल्या.

"या अल्ला! मामा, वॉर्निंग तो देते!"

"तुमीच म्हणला, वैसाच."

बसलेल्या गळ्याचा हा आवाज होता. दुकानदार कान चोळत मला म्हणाला, "अंकल, अब्बी बी बोलतूं, हलका वाला लेलो."

मी जड माइक घेतला. सोबत इंटरफेस, माइक उभा करायची दांडी, लांब वायर आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन घेतला. भिंतींना लावायला दुकानदाराने स्पंजाच्या चौकोनी गाद्या दाखवल्या. त्यांनी आवाज घुमत नाही, असे त्याचे म्हणणे.

"भिंतीला गादी?" मित्राने विचारले. "भिंत झोपती व्हय? आमच्याकडं घोंगड्या हायेत. त्यात माणूस बोंबलला तरी बाहेर ऐकू येत नाय. लग्न झाल्यापासून बघतोय."

गाद्या आम्ही घेतल्या नाहीत, आणि हा निर्णय मात्र बरोबर ठरला. त्याने दुसऱ्या दिवशी सात घोंगड्या आणल्या. आमचा मुलगा परगावी असल्याने त्याची खोली रिकामी होती. खिळे ठोकायला माझ्या पत्नीने मनाई केली, म्हणून आम्ही आडवे दोर बांधून घोंगड्या चारी बाजूंनी टांगल्या. खोलीत टाळी वाजवली तर ती हातातच विरे. दोष एकच होता. पत्नीने तो दारात उभे राहून, पदर नाकाला लावून सांगितला.

"अहो, आवाज बाहेर जात नाही ते ठीक. वासाचं काय?"

"वास मुद्रित होत नाही," मी म्हणालो.

"घरात होतो," ती म्हणाली आणि गेली.

पहिला अर्धा दिवस संगणकावर काहीच उमटले नाही. मी वहीत 'यंत्र सदोष' अशी नोंद केली आणि दुकानदाराला फोन लावून तक्रार वाचून दाखवली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अंकल, इंटरफेसवर फॉर्टी एट लिहिलेलं बटन आहे ना, ते दाबलं का?" कंडेन्सर माइकला स्वतंत्र वीज द्यावी लागते आणि ती त्या बटनाने मिळते. मी बटन दाबले. नोंद खोडली. खोडलेल्या नोंदीवर सही करण्याची शिस्त आहे, ती पाळली.

त्यानंतर त्या माइकने जे ऐकले, त्याला मी जबाबदार नाही. त्या दिवशी नळाला पाणी आले होते, म्हणजे सबंध गल्लीच्या मोटारी चालू होत्या. त्या सगळ्या माझ्या कानात शिरल्या. भाजीवाल्याची हातगाडी शिरली. आमच्याच स्वयंपाकघरातली फोडणी शिरली. आणि मग, अगदी स्वच्छ, शेजारच्या बाईंचा आवाज आला. त्या कोणाला तरी सांगत होत्या, "काकांनी घरात मेंढ्या बांधल्यात म्हणे. वास बघा ना. रिटायर झाल्यावर ह्यांना कोणाचा काटा जप्त करायला मिळत नाही, मग असं होतं."

मी हेडफोन काढला. काही ऐकू येईना. पुन्हा घातला. पुढची चार मिनिटे मी माइकची क्षमता तपासण्यासाठी ऐकत राहिलो. क्षमता उत्तम होती. माझ्याविषयी गल्लीचे मतही मला त्यातून सविस्तर कळले.

मित्राने खोलीत हाक दिली, तेव्हा इंटरफेसवरचा दिवा लाल झाला आणि संगणकात फाटलेला आवाज उमटला. आवाज कमी घेण्याचे बटन सगळ्यात खाली नेले, तरी तो फाटतच राहिला. चार वेळा प्रयत्न करून मी जड माइक खोक्यात घातला आणि दुकानात गेलो. दुकानदार हसला नाही. त्याने फळीवरून हलका माइक उचलला. तो त्याने माझ्यासाठी त्याच दिवशी बाजूला काढून ठेवला होता. चौतीस वर्षांत कोणत्याही दुकानदाराने माझा इतका सभ्य अपमान केलेला नव्हता.

हलक्या माइकने नळ, भाजीवाला आणि शेजारीण यांना बाहेर ठेवले. दिवा हिरवा राहिला. साधने सगळी ठीक झाली. आता हाक बिघडली.

खुर्चीत बसून, मांड्यांवर हात ठेवून मित्राने जे काही काढले, ते ऐकून मी मुद्रण थांबवले.

"तुम्ही मेंढ्यांना बोलावता आहात की अर्ज करता आहात?"

"समोर घोंगडी हाय सायब. मेलेल्या लोकरीला काय हाक मारू? समोर कोण भरकटलेलं पायजे. तवा हाक निघती."

"कोण भरकटणार इथे?"

त्याने माझ्याकडे पाहिले. तो बराच वेळ पाहत राहिला.

मी पुढचे थोडक्यात सांगतो. लांब वायर सोडून माइक गच्चीवर नेला. गच्चीच्या मध्यावर तो दांडीवर उभा केला. मित्र त्याच्यापासून दोन हात मागे उभा राहिला, कारण मोठा आवाज थोडा लांबूनच नीट घेता येतो. खोलीत संगणकापाशी माझी पत्नी बसली. तिचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. आणि मी गच्चीच्या दुसऱ्या टोकाकडे भरकटू लागलो.

"सरळ काय चालता?" मागून आवाज आला. "मेंढरू कधी हापिसात जाताना बघितलं का? मान खाली घाला. जरा थांबा. उगं काय तरी हुंगा."

मी मान खाली घातली. मी थांबलो. मी पाण्याच्या टाकीचा वास घेतला.

"आता कसं! जन्म वाया गेला सायब तुमचा नोकरीत."

याप्रमाणे मी सुमारे तासभर भरकटलो. त्याने तीन प्रकारच्या हाका दिल्या. पाण्याकडे चला ही एक, थांबा ही दुसरी, आणि रस्ता ओलांडून परत फिरा ही तिसरी. हिशेबाने सगळे नियमित चालले होते. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर त्याच बाई वाळत घातलेले कपडे काढायला आल्या. पाण्याच्या टाकीला हुंगणारा निवृत्त निरीक्षक त्यांनी प्रथमच पाहिला असावा.

"काका, बरं वाटतंय ना?"

"उत्तम," मी म्हणालो. "ध्वनिमुद्रण चालू आहे." माणसासारखे दिसावे म्हणून मी त्यांच्याकडे तोंड करून दोन पावले मागे सरलो. "आणि मेंढ्या घरात बांधलेल्या नाहीत. फक्त घोंगड्या आहेत."

त्यांचे बोलणे मला कसे कळले, याचा विचार करण्यासाठी त्या थांबल्या. मी त्यांना अधिक अवकाश द्यावा म्हणून आणखी एक पाऊल मागे घेतले. आमच्या गच्चीला टाकीच्या अंगाला कठडा नाही. तो बांधायचा राहून गेला आहे.

"वो सायब!" मित्र ओरडला. "तिकडं कुठं! माघारी फिरा, माघारी! बाईशी काय बोलता, मागं काय हाय ते बघा, मागं! हुर्र्र्र..." आणि त्यानंतर त्याच्या पोटातून जी हाक आली, तिने मी जागच्या जागी थबकलो आणि कोणी मानेला धरून वळवावे तसा त्याच्याकडे चालत गेलो. शेजारच्या बाईंच्या हातातली चादर खाली गल्लीत पडली.

खालून पत्नीने ओरडून विचारले, "हे ठेवायचं का? दिवा हिरवाच होता."

"ठेवा," मित्र म्हणाला. त्याचा आवाज पुरता बसला होता. नंतर तो बराच वेळ टाकीकडे पाठ करून बसून राहिला, आणि त्याने मला चेष्टेचा एकही शब्द ऐकवला नाही. हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हते.

आठवड्याने बिडकीनला चाचणी झाली. मित्राच्या मुलाने मुद्रणाचे नीट तुकडे केले होते. माझ्याशी संबंधित सगळा मजकूर, शेवटच्या आरडाओरडीसह, कापून त्याने निव्वळ हाका ठेवल्या होत्या. त्या वाजवायला बॅटरीवर चालणारी ध्वनीची पेटी होती. ती पट्ट्याने त्याच्या आईच्या खांद्यावर अडकवली. दुपारी चारचा सुमार. कळप रस्त्यापलीकडे चरत होता. मुलगा लाल फडके घेऊन रस्त्यावर ट्रक अडवायला उभा राहिला. मित्राला आम्ही एका बाभळीमागे उभे केले, म्हणजे मेंढ्यांना तो दिसू नये. तोंडातून काही निघू नये म्हणून त्याच्या पत्नीने त्याला मुंडाशाचे टोक दातांत धरायला लावले.

"असं पयलंच करायला पायजे हुतं," ती म्हणाली. "चाळीस वर्सांमागं."

मुंडाशातून उत्तर आले. ते समजले नाही, ते बरे झाले.

प्रथम घोंगड्यांच्या खोलीतली हाक वाजवली. साठ डोकी वर झाली आणि साठ डोकी खाली गेली. नामंजूर. मग गच्चीवरची, कापून स्वच्छ केलेली हाक वाजवली. तीन मेंढ्या रस्त्याच्या कडेपर्यंत आल्या, पेटीकडे पाहिले आणि परत गेल्या. मुलाने आवाज वाढवला. तिघींपैकी एक खाली बसली.

बाभळीमागून मित्र बाहेर आला. मुंडाशाचे टोक त्याने दातांतून काढले नव्हते, पण डोळ्यांनी तो मला सांगत होता की कागदावरची अट आता मी वाचून दाखवावी. मी कागद खिशातून काढला नाही.

"तुकडं नगं," त्याची पत्नी मुलाला म्हणाली. "ते आख्खं लाव. सायबाला वरडले ते बी."

"आई, त्यात नुसता गोंधळ हाय. शेजारची बाई हाय, चादर हाय..."

"लाव म्हणलं ना."

त्याने लावले. बिडकीनच्या माळावर माझा आवाज पुसटसा उमटला, 'ध्वनिमुद्रण चालू आहे.' मेंढ्यांनी लक्ष दिले नाही. मेंढ्या घरात बांधलेल्या नसल्याचा माझा खुलासाही त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. आणि मग, 'वो सायब! तिकडं कुठं! माघारी फिरा!'

साठ डोकी एकदम वर झाली. पुढारी मेंढी वळली. शेवटची हाक सुटली, तेव्हा कळप कडेला पोचला होता आणि ती तुटेपर्यंत अर्धा रस्ता ओलांडून झाला होता. एकही मेंढी मध्ये थांबली नाही. मुलाच्या फडक्यापुढे एक ट्रक आणि दोन मोटारसायकली उभ्या होत्या. त्या सगळ्यांना हा साहेब कोण, असा प्रश्न पडला असणार.

मित्राने मुंडाशाचे टोक तोंडातून काढले.

"असे का झाले?" मी विचारले. "हाक तर तीच होती."

"नाय. बाकीच्या मशिनीला मारल्या हुत्या," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ही खरी हाय. तुमी खरंच कडंला गेलता."

मी खिशातला कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"तारीख कोणती घ्यायची?" त्याने पत्नीला विचारले.

चौथी तारीख त्याने पाळली. शस्त्रक्रियेच्या खोलीत जाण्यापूर्वी शेवटचे वाक्य म्हणून त्याने डॉक्टरांना सांगितले, "गाठ तोलायची झाली तर आमच्या सायबाला बोलवा." डॉक्टर माझ्याकडे पाहून हसले. मी हसलो नाही.

पुढचे तीन आठवडे रोज दुपारी, बिडकीनच्या रस्त्याकडेला, त्याची पत्नी पेटीचे बटन दाबत असे आणि मला माघारी फिरण्याचा हुकूम होत असे. मी आठव्या दिवशी गेलो, तेव्हा मित्र खाटेवर पाटी घेऊन बसला होता. मला पाहून त्याने पाटीवर तीन ओळी लिहिल्या. पहिल्या दोन माझ्या चालण्याविषयी होत्या. तिसरी इथे देण्यासारखी नाही.

"घरात लई शांती हाय भाऊ," त्याची पत्नी म्हणाली. "डॉक्टरला इचारा की, आणखी म्हईनाभर वाढवून मिळंल का."

त्याच आठवड्यात तपासणीचा अहवाल आला. तो आणायला मी गेलो होतो. गाठ साधी होती. मी अहवालावरचे नाव, सही आणि शिक्का तपासले, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले आणि मग फोन केला. पलीकडे त्याची पत्नी होती. 'साधी आहे,' एवढेच मी म्हणालो. मग ताट सरकवल्याचा आवाज आला, आणि तिने सुनेला भाकरी वाढायला सांगितले.

तीन आठवडे संपले. डॉक्टरांनी दिवसाकाठी थोडे बोलायला परवानगी दिली. त्या दुपारी मी बिडकीनला होतो. नवा आवाज जुन्यापेक्षा खालचा होता आणि त्याची कड जराशी खरखरीत होती. तो मित्राला स्वतःलाच परका वाटत असावा. दोन-तीन शब्द बोलून तो थांबत होता आणि कोणी दुसरे बोलले की काय, असे इकडेतिकडे पाहत होता.

कळप पलीकडे होता. मुलगा फडके घेऊन रस्त्यावर उभा राहिला. मित्राच्या पत्नीने पेटीचा पट्टा खांद्यावरून काढला नाही. काही झाले तर बटन हाताशी असावे, म्हणून. मित्र कडेला जाऊन उभा राहिला आणि त्याने हाक दिली.

मेंढ्यांनी माना वर केल्या. त्यांनी आधी पेटीकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले. पुन्हा पेटीकडे पाहिले. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. अखेर कळपातून एक म्हातारी मेंढी बाहेर पडली, रस्ता ओलांडून आली आणि त्याच्या पायाशी येऊन थांबली. बाकीच्या जागच्या हलल्या नाहीत.

त्याने खाली वाकून तिच्या पाठीवर हात ठेवला.

"एक आली, सायब," तो म्हणाला.

"ती बहिरी हाय," त्याची पत्नी म्हणाली. "येळ झाली की ती रोजच येती."

तो हसला. हसण्याची परवानगी डॉक्टरांनी दिली आहे का, हे मी विचारले नाही. हसणे संपल्यावर त्याने पत्नीचा हात पेटीच्या बटनावरून बाजूला केला, माळाकडे तोंड केले आणि पुन्हा हाक दिली.